खुर्चीमागचे आबा

सर्जेरावांना एकच काम सांगितलं होतं : बसायचं. आणि जन्मात जर त्यांना कुठली गोष्ट जमली नसेल, तर ती नेमकी हीच.

लग्नात त्यांना पंगतीला बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. जिलबीचं ताट घेऊन ते आपले रांगेतून फिरत. ग्रामपंचायतीच्या बैठकीत उभ्यानं बोलत आणि बोलून झालं की उभ्यानंच ऐकत. अशा माणसाला सदाशिव पेठेतल्या एका शाळेच्या व्हरांड्यात बाकावर बसवून ठेवायचं, आणि आत हॉलमध्ये त्याचा एकुलता एक पोरगा खेळत असायचा, म्हणजे काय होणार ते उघडच होतं. सकाळपासून ते इतक्या वेळा उठले की शेजारी बसलेल्या आईबापांनी त्यांच्यासाठी पाय आखडून घ्यायचंही सोडून दिलं.

आत अपंगांच्या बैठ्या खेळांच्या स्पर्धा चालल्या होत्या. शनिवार आणि रविवार, कॅरम, बुद्धिबळ आणि टेबल टेनिस. खर्च एका आयटी कंपनीचा होता, म्हणून पिवळ्या टी-शर्टातली तरुण पोरं जिकडंतिकडं पाण्याच्या बाटल्या वाटत हसत फिरत होती. कारभार मात्र विमलाबाईंचा. त्या याच शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. लहानपणी पोलिओनं एक पाय गेला, सारा जन्म कुबडीवर काढला, आणि दया दाखवायला आलेल्या माणसाला नुसत्या जिभेनं आडवं करायची हातोटी त्यांनी कमावली होती. खेळ सुरू व्हायच्या आधी सगळ्या नातेवाइकांना त्यांनी व्हरांड्यात उभं करून बजावलं होतं.

"खेळाडूंना कुणी भरवायचं नाही, घाम पुसायचा नाही, खुर्ची ढकलायची नाही. कुणी पडलं तर धावायचं नाही. पडलेला माणूस मदत मागेल, तेव्हा हात द्यायचा. त्याला तोंड आहे. आपल्याला कान असतील अशी आशा आहे."

लोक हसले. सर्जेराव हसले नाहीत. पडलेल्याला उचलायचं नाही, हा कसला कायदा? लोणी काळभोरला बांधावर शेजाऱ्याची म्हैस घसरली तरी चार माणसं धावतात.

त्यांचं काय झालं होतं ते सांगायला हवं. सोलापूर रस्त्याला लागून असलेली त्यांची जमीन चांगल्या भावात गेली. दारात चारचाकी आली, घरावर मजला चढला. मुलगा सार्थक तेव्हा हडपसरच्या बाजूला एका कॉल सेंटरमध्ये लागला होता. रात्रपाळी असायची, आणि न्यायला-सोडायला कंपनीची गाडी यायची. सर्जेरावांना ते कमीपणाचं वाटलं. आपलं पोरगं लोकांच्या मांडीला मांडी लावून गाडीत कोंबून जातंय! पोरगा नको नको म्हणत असताना त्यांनी त्याला मोटारसायकल घेऊन दिली, हार घालून, पेढे वाटून. एका पहाटे पाळी संपवून येताना सार्थकचा डोळा लागला आणि गाडी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर गेली. जीव वाचला. कमरेखालचं सगळं गेलं.

त्या दिवसापासून सर्जेराव पोराच्या खुर्चीमागं उभे राहिले ते राहिलेच. त्याला उचलायचे ते, अंघोळ घालायचे ते, पाणी म्हणायच्या आत तांब्या पुढं करायचे ते. डॉक्टर सांगून थकले की त्याचं त्याला करू द्या. सर्जेराव मान डोलवायचे आणि पोराला उचलायचे. हळूहळू सार्थकनं मागणंच सोडलं, मग बोलणं सोडलं. दीड वर्ष तो खोलीत कॉम्प्युटरपुढं बसून होता. दवाखान्याखेरीज त्यानं उंबरा ओलांडला नव्हता.

त्या कॉम्प्युटरवरच त्याला पूर्णिमा भेटली. मूळची यवतमाळची, पुण्यात एका आयटी कंपनीत नोकरीला, दोन्ही पायांना कॅलिपरच्या लोखंडी पट्ट्या, काखेत कुबड्या आणि बोलण्यात कुणाच्या बापाला भीत नाही अशी. सार्थक कॉलेजात कॅरमला पहिला यायचा, हे तिनं त्याच्याकडून कसं काढून घेतलं कोण जाणे. एके दिवशी पोरगा जेवता जेवता म्हणाला, "आई, शनिवारी मला पुण्याला जायचंय. खेळायला." आनंदीबाई स्वयंपाकघरात जाऊन डोळ्याला पदर लावून रडल्या. सर्जेरावांनी गाडी धुतली, आणि वाळल्यावर परत धुतली.

तर असं हे खेळायला आलेलं पोरगं आत होतं, आणि बाप बाहेर बाकावर. शनिवारी दुपारपर्यंत त्यांनी कसाबसा धीर धरला. मग पाण्याचं खोकं घेऊन एक पिवळा टी-शर्ट आत निघाला, त्याच्या आडोशानं तेही आत सरकले.

सार्थक खेळत होता. सर्जेरावांना आधी तो ओळखूच आला नाही. पावडरीनं पांढरी झालेली बोटं, ओठांत धरलेली जीभ, आणि सोंगटी गेली की मान किंचित हलवायची ती जुनी लकब. हा त्यांचा अपघाताच्या आधीचा पोरगा होता. त्यांना भडभडून आलं. त्यांनी नजर खाली वळवली, आणि नको ते दिसलं. खुर्चीचं डावं चाक.

डाव्या चाकाचा ब्रेक ढिला होता. घरच्या उतारावर तो सुटायचा, म्हणून सर्जेराव खिशात कायम एक लाकडी गुटका बाळगायचे. आताही दर फटक्याला खुर्ची केसभर मागं जात होती. आणि कॅरमचा नियम आहे की एकदा बोर्ड फोडला की खेळाडूनं बसल्या जागेवरून हलायचं नाही. स्टुलावरच्याला जो नियम तोच चाकांच्या खुर्चीला, असं विमलाबाईंनी सकाळीच जाहीर केलं होतं. खुर्ची सरकली तर तो बोर्ड, म्हणजे तो डाव, समोरच्याचा. पंचाच्या लक्षात आलं तर पोराचा घात होईल. ट्रॅक्टर उतारावर उभा केला की ट्रॉलीच्या चाकामागं दगड लावायचा, ही त्यांच्या हाताची जन्माची सवय. विचार करायला वेळ कुणाला होता? ते वाकले, गुटका चाकाखाली सारला, तोल सावरायला खुर्चीची पाठ धरली, आणि खुर्ची हिसका बसून वीतभर वळली.

स्ट्रायकर भलतीकडंच गेला.

"हे कोण?" विमलाबाईंनी विचारलं.

"मी ह्याचा बाप हाय," सर्जेराव म्हणाले.

"ते दिसतंच आहे. आपला मुलगा चांगला खेळतोय, हे आपल्याला पाहवलं नाही का? बोर्ड समोरच्या खेळाडूला. आणि आपण बाहेर."

सार्थकनं वळून पाहिलंही नाही. फक्त बोर्डाकडं बघत हळू म्हणाला, "राणी घेतली होती, आबा. कव्हरच राहिलं होतं."

तो बोर्ड गेला, पण सामना त्यानं ओढून आणला आणि पुढचेही जिंकला. संध्याकाळी ते गाडीतून घरी निघाले. हडपसर मागं पडल्यावर सार्थकनं तोंड उघडलं.

"उद्या सेमीफायनल आहे. तुम्ही सोडायला या, न्यायला या. पण उद्या तुमचा हात खुर्चीला किंवा मला लागला ना, आबा, तर मी परत घराबाहेर पडणार नाही. सीरियसली सांगतोय."

सर्जेरावांनी मान हलवली. पोरगा आपल्याच वळणाचा आहे, बोलला ते करील, हे त्यांना ठाऊक होतं. दीड वर्षांनी उघडलेलं दार आपल्याच हातानं बंद व्हायचं, या विचारानं त्यांना जेवणही गेलं नाही.

रविवारी सकाळी त्यांनी अंगणात पाना घेऊन तो ब्रेक घट्ट केला. सार्थकनं तेवढं करू दिलं. शाळेच्या फाटकाशी पूर्णिमा उभी होती. सार्थक स्वतः चाकं फिरवत फळीवरून आत गेला आणि सर्जेराव दोन्ही हात पाठीमागं बांधून, स्वतःलाच कैद केल्यागत, बघत राहिले.

"काका, तुम्ही काहून एवढे घाबरून राहिले?" पूर्णिमा म्हणाली. "तो कॅरम खेळून राहिला. उसात बिबट्या नाही पकडून राहिला."

"बिबट्या परवडला, पोरी," सर्जेराव म्हणाले. "त्याला निदान काठी तरी दावता येती."

ती हसत हसत कुबड्या टेकत आत गेली. सर्जेराव बाकावर बसले, उठले, परत बसले. शेवटी लांब गेलेलं बरं म्हणून चालत शनिवार पेठेत जाऊन चहा प्याले. रविवारची सुस्त पेठ, लोक आरामात वर्तमानपत्रं चाळत बसलेले. त्यांच्या त्या निवांतपणाचा सर्जेरावांना राग आला. चहा गरम होता तो तसाच घशाखाली ढकलून ते परत फिरले. आले ते गाडीत बसले, गाडीतून उतरले, काच पुसली, नसलेली धूळ झटकली. आतून स्ट्रायकरचा टक् टक् आवाज येत होता. प्रत्येक आवाजाला त्यांच्या मनात येई, ही सोंगटी सार्थकची होती का? गेली का? आणि उत्तर द्यायला कुणीच नव्हतं.

दुपारी विमलाबाई स्वतः कुबडी टेकत बाहेर आल्या. "आपला मुलगा अंतिम सामन्यात आहे. समोर पूर्णिमा. अंतिम सामन्याला नातेवाइकांना भिंतीकडच्या बाकांवर बसता येतं. आपणही या. हात खिशात ठेवून."

सर्जेरावांचं पाऊल उचललं गेलं होतं. त्यांनी ते परत ठेवलं. "नको बाई. तुमी बोलावलंत हे लई झालं. पण माझा माझ्यावर भरवसा न्हाय. मी हितंच बरा."

विमलाबाईंनी त्यांच्याकडं जरा निरखून पाहिलं. "कालपासून आपण पहिलंच शहाणपणाचं वाक्य बोललात," त्या म्हणाल्या, पण आवाजात कालची धार नव्हती.

बाहेर एकटे सर्जेराव उरले. बाकीचे सगळे आत गेले होते. मधूनच टाळ्या, मधूनच हुश्श असा सामुदायिक सुस्कारा. त्यांनी व्हरांड्यात येरझाऱ्या घालून घालून शाळेची फरशी झिजवायची तेवढी बाकी ठेवली. मग आत धप्प असा आवाज झाला, आणि त्यामागून खुर्ची फरशीवर खरवडल्याचा.

माणूस पडल्याचा आवाज बापाला सांगावा लागत नाही. सर्जेराव धावले ते एकदम दारात.

सार्थक जमिनीवर होता. कॅरमला अडतो म्हणून त्याच्या खुर्चीचा उजवा हात काढून ठेवला होता. लांबच्या सोंगटीसाठी तो वाकला, कमरेनं साथ दिली नाही, आणि धरायला त्या बाजूला काहीच नव्हतं. एका कुशीवर पडला होता, एक पाय दुसऱ्याखाली मुडपलेला. तो पाय त्याला कळतसुद्धा नव्हता. हॉलमधली सगळी माणसं जागच्या जागी थिजली होती. एक पिवळा टी-शर्ट पुढं झाला, त्याला विमलाबाईंनी हातानं थांबवलं. सगळे वाट बघत होते. त्यानं मागायचं, मग हात द्यायचा.

सार्थकनं काही मागितलं नाही. त्यानं मान वळवली आणि दाराकडं पाहिलं. सरळ आबांच्या डोळ्यांत.

सर्जेरावांचे हात आपोआप पुढं झाले होते. मधलं अंतर काही फार नव्हतं. ढांगा टाकल्या असत्या तर पोचलेच असते. पण ती नजर. त्यांना वाटलं, पोरगा नजरेनं बजावतोय. कालचं लक्षात आहे ना? याल तर बघा. एकदा ढळलो तर हे पोरगं परत त्या खोलीत जाईल आणि दार लावून घेईल. मग त्यांनी आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम केलं. ते जागचे वळले आणि पोराकडं पाठ करून उभे राहिले. दाराची चौकट दोन्ही हातांनी अशी धरली की नखं पांढरी पडली.

मागं बराच वेळ काहीच आवाज नव्हता. तेवढ्या वेळात सर्जेराव म्हातारे झाले.

मग सार्थकचा आवाज आला, घोगरा. "पूर्णिमा, ते स्टूल इकडं सरकव."

स्टूल सरकलं. मग धाप, दोघातिघांची पावलं, कपड्यांची सळसळ, हात घसरल्याचा आवाज. पुन्हा धाप. "त्या बाजूनं धरा. हां. काखेत नाही, कमरेच्या पट्ट्याला धरा." सर्जेरावांनी डोळे मिटून घेतले. पट्ट्याला धरून उचलायचं असतं, हे त्यांना माहीतच नव्हतं. ते तर दीड वर्ष काखेतच धरत आले होते. शेवटी खुर्चीचं कापड करकरलं. कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं.

"टाळ्या नकोत," विमलाबाई म्हणाल्या. "खुर्चीत बसणं हा काही पराक्रम नाही. हा बोर्ड पूर्णिमाला. खेळ पुढे चालू."

सामना पूर्णिमानं जिंकला, अगदी शेवटच्या बोर्डावर. तिला कप मिळाला. सार्थकला कंपनीच्या नावाची एक बॅग मिळाली. सगळ्यांनी फोटो काढले. सर्जेराव बाहेर गाडीपाशी उभे होते, आणि खरं सांगायचं तर त्यांची छाती फुगली होती. पोरगा हरला याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. आपण जिंकलो, असं त्यांना वाटत होतं.

सार्थकला गाडीत बसवताना त्यांनी मुद्दाम विचारलं, "कुठं धरू?" त्यानं सांगितलं, तसं पट्ट्याला धरलं. गाडी सोलापूर रस्त्याला लागेपर्यंत ते कळ काढून गप्प बसले. मग मात्र राहवेना.

"बघितलंस का? आलो न्हाय मी. दारात हुतो, पर पाऊल आत टाकलं न्हाय. शबूद पाळला."

सार्थक खिडकीबाहेर बघत होता. "बघितलं."

"मग?"

"मी तुमच्याकडंच बघत होतो, आबा." तो थांबला. "तुम्ही यावं म्हणून."

सर्जेरावांचा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप निघाला. मागून ट्रकनं हॉर्न दिला. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

"मला वाटलं, येऊ नका म्हणतोयस."

"नाही. या म्हणत होतो. पाय खाली अडकला होता, मला काही सुचत नव्हतं. आणि तुम्ही पाठ फिरवली."

"आरं, मग हाक मारायची का न्हाय?"

"कशी मारणार? कालच बाईंनी तुम्हाला सगळ्यांसमोर बाहेर काढलं, वर मीच हात लावू नका म्हणालो." सार्थकचा आवाज चिरकला. "मला लाज वाटली."

सर्जेराव स्टिअरिंग धरून बसून राहिले. पोरगं जमिनीवर पडलं होतं, बापाला बोलवत होतं, आणि बाप तिकडं पाठ करून स्वतःच्या शहाणपणावर खूश होत होता. गाड्या शेजारून सुसाट जात होत्या आणि प्रत्येक गाडीबरोबर त्यांची गाडी थोडी हलत होती.

"मी बघत ऱ्हायलो असतो तर आलोच असतो," शेवटी ते म्हणाले. "म्हणून पाठ केली. दुसरं काय बी कारण न्हवतं, पोरा."

सार्थकनं मांडीवरची बॅग उघडली, आत काहीच नाही असं बघून परत बंद केली.

"कळलं," तो म्हणाला. "तेव्हा नव्हतं कळलं. पाठ दिसली तेव्हा वाटलं, आता आबांनीपण सोडलं. मग चिडून स्टूल मागितलं."

सर्जेरावांनी बाहीनं तोंड पुसलं. त्यांना पोराच्या पाठीवर हात ठेवायचा होता आणि ठेवावा का ते कळत नव्हतं. आजवर त्यांनी कधी असा विचार केला नव्हता.

"पुढच्या वेळी हाक मारीन," सार्थक म्हणाला.

"आणि न्हाय मारलीस तर?"

"तर बाहेर बसा. पण तोंड माझ्याकडं करून बसा."

सर्जेराव हो म्हणाले. पुढची वेळ कधी, कुठं, कुणाबरोबर, हे सगळं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण त्यांनी विचारलं नाही. त्यांनी आरशात मागचा रस्ता बघितला, आणि मोकळा झाल्यावर गाडी पुढं काढली.